फडताळाची शिस्त कोणासाठी?

दसरा-दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना आणि दूरचित्रवाणीवरील सल्लागारांना स्वयंपाकघराची आठवण होते. एरवी वर्षभर ज्या खोलीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या खोलीतील फडताळे, फळ्या आणि डबे यांच्यावर मग रकानेच्या रकाने खर्ची पडतात. सर्व डबे एका मापाचे व पारदर्शक असावेत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी असावी, मसाल्यांसाठी फिरती तबकडी असावी, ताटांसाठी एक ट्रॉली, वाट्यांसाठी दुसरी आणि कोपऱ्यातील अंधाऱ्या जागेसाठी तिसरी, असा तो उपदेश असतो. उपदेशाच्या शेजारीच त्या डब्यांची, त्या तबकडीची आणि त्या ट्रॉल्यांची जाहिरात असते आणि हप्त्यांची सोयही तेथेच नमूद केलेली असते. छायाचित्रात एक हसरी गृहिणी फडताळाचे दार उघडून उभी असते. घरातील पुरुष छायाचित्रात असलाच तर तो टेबलाशी बसलेला असतो.

या उपदेशाची थट्टा करून पुढे जाणे सोपे आहे. समाजवादी चळवळीतील पुष्कळ कार्यकर्ते तेवढेच करतात. डब्यांची रचना हा मध्यमवर्गीय बायकांचा रिकामपणचा उद्योग आहे, असे म्हणून ते जमीन, मजुरी आणि महागाई या 'खऱ्या' प्रश्नांकडे वळतात. ही थट्टा आणि तो उपदेश यांच्यात एक साम्य आहे, ते मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. स्वयंपाकघर बाईचे, हे दोघांनीही न बोलता मान्य केलेले असते.

व्यवस्था ही चैन नव्हे

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या बाईला दिवसातून चार वेळा ओट्याशी उभे राहावे लागते, तिच्या दृष्टीने मिठाचा डबा हाताशी आहे की वरच्या फळीवर, हा प्रश्न मुळीच चैनीचा नाही. प्रत्येक वाकणे, प्रत्येक चवड्यावर उभे राहणे, झाकण उघडून आत डाळ आहे की साबुदाणा हे पाहणे, यांत श्रम आहेत. गिरणीतील कामगाराला साच्यापासून साच्यापर्यंत किती चालावे लागते याचा हिशेब ज्या चळवळीने मांडला, तिने ओट्यापासून फडताळापर्यंतच्या फेऱ्यांचा हिशेब क्षुल्लक मानावा, याला काही आधार नाही.

महाराष्ट्रातील बायकांनी हा हिशेब जाहिरातदारांच्या कितीतरी पिढ्या आधी केला होता. मोठ्यावर लहान अशी रचलेली मडक्यांची उतरंड, मांजराच्या उडीबाहेर टांगलेले शिंके, भिंतीच्या जाडीतच काढलेला कोनाडा, ही सारी जागेची आणि श्रमाची काटकसरच होती. मोहरी, हळद, तिखट, जिरे एका झाकणाखाली आणणारा मिसळणाचा डबा कोणत्याही कारखान्याच्या संशोधन विभागात जन्मला नाही. चाळीतल्या एका खोलीत भिंतीला लावलेल्या स्टीलच्या मांडणीवर सात माणसांची भांडी एकाही भांड्याचा आवाज न होता बसवणाऱ्या बाईला कोणी व्यवस्थापनशास्त्राची पदवी दिली नाही, एवढेच.

तेव्हा वाद व्यवस्थेशी नाही. व्यवस्था कोणी राखायची, तिच्यामुळे वाचलेला वेळ कोणाच्या पदरी पडतो आणि तिच्या नावाखाली कोणाचा माल खपतो, हे वादाचे तीन मुद्दे आहेत. या तिन्ही प्रश्नांना इतिहासाने दिलेली उत्तरे पुरवण्यांतून कधी छापून येत नाहीत.

एकाच सालातील दोन रस्ते

आधुनिक स्वयंपाकघराची कल्पना अमेरिकेत जन्मली. १८६९ साली कॅथरिन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टोव या दोघींनी गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गलबतावरील आटोपशीर मुदपाकखान्याप्रमाणे घरातील स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असावी, पीठ, भांडी आणि ओटा हाताच्या अंतरावर असावेत, असा त्यात आग्रह होता. घराची मालकीण नोकरांवाचून स्वतः सर्व काम करील, हे त्यात गृहीत होते.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावी मेलुसिना फे पीअर्स या बाईने अगदी वेगळी मांडणी केली. घरोघरी प्रत्येक बाईने तेच काम एकटीने का करावे, असा तिचा प्रश्न होता. शेजारच्या बायकांनी सहकारी संस्था स्थापून स्वयंपाक, धुणे आणि शिवण एकत्र करावे आणि त्या कामाचा मोबदला नवऱ्यांकडून रोख घ्यावा, असा तिचा प्रस्ताव होता. संस्था निघाली, परंतु थोड्याच काळात बंद पडली. ज्या पुरुषांच्या ताटात फुकट पडत होते, त्यांना ते विकत घेण्याची कल्पना रुचली नाही, हे तिच्या अपयशाचे एक कारण होते.

पहिल्या रस्त्यावर प्रत्येक घराला स्वतंत्र, सुसज्ज फडताळ होते, तर दुसऱ्या रस्त्यावर फडताळच सामाईक होते. भांडवलाने पहिला रस्ता उचलून धरला. दहा घरांना मिळून एक चूल पुरत असेल तर नऊ चुली विकल्या जात नाहीत, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

व्यवस्थापक बाईची ग्राहक बाई

१९११ साली फ्रेडरिक टेलर याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीची मोजणी करायची, अनावश्यक हालचाली छाटायच्या आणि तेवढ्याच तासांत अधिक उत्पादन काढायचे, हे त्याचे सूत्र. पुढच्याच वर्षी क्रिस्टीन फ्रेडरिक या लेखिकेने हेच सूत्र एका महिला मासिकातील लेखमालेतून स्वयंपाकघरात नेले. भांडी घासण्यात किती हालचाली वाया जातात, फडताळ आणि ओटा यांची जागा बदलल्यास किती पावले वाचतात, याची तिने मोजणी केली. तिच्या मोजणीत सचोटी होती आणि तिच्या काही सूचना आजही उपयोगी आहेत.

परंतु कारखान्यात टेलरपद्धती आली तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला, संप केले, वाचलेल्या वेळात आमचा वाटा किती असे विचारले. स्वयंपाकघरात हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. तेथे घड्याळ धरणारी, घड्याळाखाली राबणारी आणि वेळ वाचला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेणारी बाई एकच होती. अशा व्यवस्थेत संप कोणी कोणाविरुद्ध करायचा?

याच क्रिस्टीन फ्रेडरिकने १९२९ साली आणखी एक पुस्तक लिहिले. या वेळी ते गृहिणींसाठी नव्हते. गृहिणीला माल कसा विकावा हे उत्पादकांना शिकवण्यासाठी होते. सतरा वर्षांत व्यवस्थापक बाईची ग्राहक बाई झाली. आजच्या पुरवण्यांतील उपदेश आणि जाहिरात शेजारी शेजारी का असतात, याचे उत्तर या सतरा वर्षांत आहे.

फ्रँकफुर्ट आणि वरळी

या कथेला एक उदात्त प्रकरणही आहे आणि ते दडवून चालणार नाही. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात, नगररचनाकार अर्न्स्ट माय याच्या नेतृत्वाखाली कामगारांसाठी मोठ्या वसाहती उभ्या राहत असताना, मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद स्त्रीने त्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा त्या खोलीत प्रत्येक वस्तूची जागा मोजून ठरवलेली होती. तांदूळ, साखर इत्यादींसाठी नावे कोरलेले धातूचे ओढखण होते. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचा खण ओकच्या लाकडाचा होता. दिवा हवा तेथे सरकवता येई आणि इस्त्रीची फळी भिंतीला दुमडून ठेवता येई. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आज जगभर ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात, त्याचे हे मूळ.

लिहोत्स्की कारखानदारांची हस्तक नव्हती. ती पुढे कम्युनिस्ट झाली, नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत तिने काम केले, १९४१ साली व्हिएन्नात पकडली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली. कामकरी स्त्रीचा वेळ वाचावा, हाच तिचा हेतू होता. हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, अशी प्रांजळ कबुलीही तिने पुढे दिली. तरीही तिच्या रचनेतील एक दोष काळाने उघड केला. त्या खोलीत एकाच माणसाला काम करता येत असे. दुसऱ्याला उभे राहण्यास जागाच नव्हती. नवऱ्याने वा मुलाने हात लावावा, अशी इच्छा असली तरी भिंतींनी ती नाकारली होती. शास्त्राने श्रम कमी केले आणि त्याच शास्त्राने ते श्रम एका व्यक्तीच्या नावे कायमचे लिहूनही ठेवले.

ज्या दशकात फ्रँकफुर्टमध्ये हे घडत होते, त्याच दशकात मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे सरकारच्या विकास खात्याने कामगारांसाठी बी.डी.डी. चाळी बांधल्या. तेथील संपूर्ण खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. फ्रँकफुर्टचे एकटे स्वयंपाकघर सुमारे ७० चौरस फुटांचे. वरळीच्या खोलीत स्वयंपाक, झोप, बाळंतपण, अभ्यास आणि गावाहून आलेला पाहुणा, सारे त्या १६० फुटांत. फडताळाची शिस्त हा शब्द तेथे हास्यास्पद ठरला असता, आणि तरीही तेथील बायकांनी शिस्त राखली. ती राखताना त्यांचे काय झाले, हे मोजायला घड्याळ घेऊन कोणी गेले नाही.

वाचलेला वेळ गेला कोठे?

व्यवस्थेचे समर्थक म्हणतील की हेतू काहीही असो, बाईचा वेळ तर वाचला. वस्तुस्थिती काय आहे? जोअ‍ॅन व्हानेक या अभ्यासक स्त्रीने १९७४ साली अमेरिकेतील अर्धशतकाच्या पाहण्या पडताळून असे दाखवले की, नोकरी न करणाऱ्या गृहिणींचे घरकामाचे तास विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून सातव्या दशकापर्यंत जवळजवळ घटलेच नव्हते. मधल्या काळात गॅस, वीज, धुलाई यंत्र, शीतकपाट आणि सुसज्ज फडताळ ही सर्व आली होती. १९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवन हिने आपल्या ग्रंथात याची कारणमीमांसा केली. यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची घरातील कामे, लाकूड फोडणे, पाणी आणणे इत्यादी, नाहीशी केली. बाईच्या कामाचे मात्र मानदंड उंचावले. आठवड्याने धुतले जाणारे कपडे रोज धुतले जाऊ लागले.

फडताळाचेही तसेच आहे. पूर्वी पंधरा डबे होते, आता चाळीस आहेत. चाळीस डबे घासायचे, वाळवायचे, त्यांवरील चिठ्ठ्या बदलायच्या, पिशवीतून आणलेले धान्य त्यांत ओतायचे आणि उरलेले पुन्हा वेगळ्या डब्यात ठेवायचे. ट्रॉलीच्या चाकांत अडकलेला तेलाचा थर काढायचा. पाहुण्यासमोर ट्रॉली ओढली आणि आत पसारा दिसला तर लाज वाटते ती बाईला, पुरुषाला नव्हे. ज्या वस्तूने काम कमी व्हायचे, तिनेच कामाची एक नवी यादी आणली.

शंभर वर्षांचा हप्ता

भारताचे आकडे अधिक बोलके आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशव्यापी वेळ-वापर पाहणी केली. तीत असे आढळले की, दिवसभरात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के आहे. जे हे काम करतात त्यांच्यात स्त्रीचा रोजचा वेळ २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. २०२४ साली हीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रीची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषाची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि बुवानेही लगोलग आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली!

२८९ मिनिटांचा वर्षाचा हिशेब केला तर सुमारे १,७५८ तास होतात, म्हणजे आठ तासांचे सुमारे २२० पूर्ण कामाचे दिवस. त्यांना रविवार नाही, रजा नाही, निवृत्ती तर नाहीच. आणि पाच वर्षांत दहा मिनिटे याच गतीने बाईचा वेळ पुरुषाच्या आजच्या ८८ मिनिटांपर्यंत खाली यायचा असेल, तर शंभर वर्षे लागतील. ट्रॉल्यांचे हप्ते त्याच्या कितीतरी आधी फिटतील.

हे २२० दिवस राष्ट्रीय उत्पन्नात कोठे दिसतात? कोठेही नाही. पिगू या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली हा विरोधाभास दाखवून दिला होता. एखाद्याने आपल्या पगारी घरकामगारणीशी लग्न केले की काम तेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते. राष्ट्रीय हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरासाठी आणलेले पाणी आणि सरपण उत्पादन म्हणून गणता येते. त्याच पाण्याने, त्याच सरपणावर शिजवलेला भात गणता येत नाही. २००१ च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर 'काम न करणारे' या वर्गात टाकले होते, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका अपघात-भरपाईच्या निकालात कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. २०२१ साली त्याच न्यायालयाने २०१९ च्या पाहणीचे आकडे उद्धृत करून गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे, असा निर्वाळा दिला. पण कोणत्या खटल्यांत? बाई अपघातात मेल्यानंतरच्या. जिवंत बाईच्या श्रमाचे मूल्य ठरवण्याचा प्रसंग या देशाच्या हिशेबनिसांवर अद्याप आलेला नाही.

फडताळाच्या तळाशी ठेवलेला कप

सुसज्ज स्वयंपाकघराच्या छायाचित्रात आणखी एक व्यक्ती नसते. चाळीस डबे घासणारी मोलकरीण. सुखवस्तू घरातील स्त्रीचा वेळ जेव्हा खरोखर वाचतो, तेव्हा तो बहुधा ट्रॉलीमुळे नव्हे, या दुसऱ्या बाईमुळे वाचतो. ती सकाळी स्वतःच्या घरची चूल आटोपून चार घरची भांडी घासते आणि संध्याकाळी पुन्हा स्वतःच्या चुलीशी उभी राहते. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. पण किमान वेतन, साप्ताहिक सुटी आणि आजारपणाची रजा या गोष्टी बहुसंख्य घरेलू कामगारांना अजूनही मालकिणीच्या मर्जीवर मिळतात. घरकामगारांच्या हक्कांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली जो करार संमत केला, त्याला भारताने अनुसमर्थन दिलेले नाही.

आणि अशा कितीतरी घरांत, अगदी नव्या कोऱ्या फडताळातही, सर्वांत खालच्या खणात कोपऱ्यात एक वेगळा कप असतो. त्यावर चिठ्ठी नसते. तिची गरजही नसते; तो कोणाचा हे त्या घरातील पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. जातीची उतरंड स्टेनलेस स्टीलच्या जाळीवरही तितक्याच व्यवस्थित रचता येते. पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांनी आपल्या फडताळाची तपासणी करायची असेल, तर ती या खणापासून करावी.

फडताळच नसलेल्यांचे काय, हा प्रश्न तर याहून खालचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबात माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे २५ किलो धान्य पत्र्याच्या दोन डब्यांत मावते. डाळ, तेल, गूळ यांसाठी त्या बाईला बाजारात जावे लागते आणि महिनाअखेरीस तिच्या फळीवरचे उरलेले डबे आपोआप पारदर्शक होतात, कारण आत काहीच नसते. डबा कसा रचावा याचा उपदेश करणाऱ्यांनी डबा कसा भरावा याबद्दल कधीतरी चार ओळी लिहाव्यात.

दोन आक्षेप

समाजवादी कार्यकर्त्यांकडून याला दोन आक्षेप येतात. पहिला असा की, हा घरगुती प्रश्न आहे, राजकीय नव्हे. १९७२-७३ साली, दुष्काळ आणि महागाईच्या काळात, मुंबईच्या बायका मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा ती लाटणी कोणत्या शस्त्रागारातून आली होती? ती याच फळ्यांवरून आली होती. साखर, तेल आणि रॉकेल यांचे राजकारण ज्यांना डब्याच्या तळावरून कळत होते, त्यांनी ते रस्त्यावर आणले. मोर्चा संपल्यावर त्याच बायका घरी जाऊन त्याच लाटण्याने पोळ्या लाटत होत्या आणि मोर्चाचे कौतुक करणारे पुरुष कार्यकर्ते पोळ्यांची वाट पाहत बसले होते, हेही त्या इतिहासाचे एक पान आहे. ते लिहिले गेले नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक सैद्धांतिक आहे. उत्पादनसाधनांची मालकी बदलली की हा प्रश्न आपोआप सुटेल. तो आपोआप सुटत नाही, याचा अनुभव जगाने घेतला आहे. क्रांतीनंतर रशियात सामाईक भोजनालये, पाळणाघरे आणि धुलाई केंद्रे यांचे मोठे प्रयोग झाले. मॉस्कोत १९२८ ते १९३० या काळात बांधलेल्या नार्कोमफिन इमारतीत सामाईक स्वयंपाकघर आणि भोजनगृह होते. पुढच्या दशकात ही दिशा सोडून देण्यात आली. १९५९ च्या जुलैमध्ये मॉस्कोतील अमेरिकन प्रदर्शनात अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्ह यांचा प्रसिद्ध वाद झाला, तोही एका चकचकीत स्वयंपाकघरासमोर. आमची यंत्रे बायकांचे काम हलके करतात, असा एकाचा दावा; बायकांकडे पाहण्याची तुमची ही भांडवली दृष्टी आमच्याकडे नाही, असे दुसऱ्याचे उत्तर. दोन महासत्तांचे दोन पुरुष ओट्याशेजारी उभे राहून भांडत होते आणि ओट्याशी रोज उभे कोणी राहायचे, याविषयी दोघांचेही एकमत होते.

काय करावे?

उत्तराचा एक भाग सार्वजनिक आहे. पीअर्सबाईंचा रस्ता भारतात बंद पडलेला नाही. गिरणगावात खाणावळी चालवून हजारो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली आणि सावकाराच्या तावडीतून सोडवले. स्वयंपाक घराबाहेर आला, त्याला दाम मिळाला आणि तो करणारी बाई कर्जदार म्हणून, सभासद म्हणून, हिशेब विचारणारी म्हणून उभी राहिली. याच्या उलट सरकारचे वर्तन पाहा. शाळेतील माध्यान्ह भोजन हे देशातील सर्वांत मोठे सामाईक स्वयंपाकघर आहे. ते शिजवणाऱ्या बायकांचे मानधन केंद्राने २००९ साली दरमहा १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातील दहा महिन्यांचे. आणि पुढे दशकाहून अधिक काळ त्यात एका रुपयाची वाढ केली नाही. राज्ये आपल्या तिजोरीतून भर घालतात, पण 'मानधन' हा शब्द मात्र कोणी बदलत नाही. वेतन म्हटले की कायदा लागू होतो. मान दिला की धन कमी दिले तरी चालते!

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक स्वयंपाकघरातील कामगारांना किमान वेतन. घरेलू कामगारांना सुटी, रजा आणि निवृत्तिवेतन. कामगार वस्त्यांत आणि बाजारांत बायकांच्या सहकारी खाणावळींना जागा व स्वस्त कर्ज. आणि गृहनिर्माण योजनेतील प्रत्येक घरात दोन माणसांना एकत्र उभे राहता येईल एवढे स्वयंपाकघर. ही शेवटची मागणी लहान वाटेल. फ्रँकफुर्टच्या अनुभवानंतर ती लहान राहत नाही.

उत्तराचा दुसरा भाग घरचा आहे आणि तेथे सरकारकडे बोट दाखवता येत नाही. पक्षाच्या शिबिरात पुरुष कार्यकर्ते मोठ्या उत्साहाने भाजी चिरतात, पंगतीत वाढतात, पातेलीही घासतात. तेथे पाहणारे असतात. घरी पाहणारे नसतात, म्हणून त्याच कार्यकर्त्याला मोहरीचा डबा कोठे आहे हे ठाऊक नसते. 'अगं, साखर कुठे ठेवलीस?' हे निरागस वाक्य वास्तविक एक मालकीहक्काची घोषणा आहे. साखर जिने ठेवली तिचीच ती जबाबदारी आहे, असा त्याचा अर्थ.

तेव्हा फडताळ अवश्य रचावे, पण वेगळ्या कसोटीवर. घरातील कोणालाही, बारा वर्षांच्या मुलालाही, कोणास न विचारता चहा आणि वरणभात करता आला, तर ती रचना चांगली. रोजच्या वस्तू कंबर आणि डोळे यांच्या मधल्या उंचीवर, जड डबे खाली, क्वचित लागणारे वर. डब्यावर चिठ्ठी असावी. जिने डबा भरला तिला तिची गरज नसते, बाकीच्यांना पळवाट राहू नये म्हणून ती लावायची. १९७० साली कमलाबाई ओगले यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे दिली आणि आईच्या हातात असलेले ज्ञान कोणाच्याही हाती येईल असे केले. फडताळाच्या रचनेनेही तेच करावे. संपलेल्या जिन्नसांची यादी दाराच्या आतल्या बाजूस लावावी आणि ज्याने डबा रिकामा केला त्यानेच ती लिहावी व त्यानेच वाण्याकडे जावे. नवे डबे विकत घेण्याचे कारण नाही. रिकाम्या बाटल्या आणि जुने डबे पुरतात. खालच्या खणातील तो वेगळा कप बाहेर काढून इतर कपांत मिसळावा.

आणि एक आठवडाभर घरातील प्रत्येकाने आपापली मिनिटे कागदावर मांडावीत. सरकारची पाहणी पाच वर्षांनी होते. घरची पाहणी रविवारी पुरी होईल. तो कागद ज्याच्या घरी २८९ आणि ८८ असे आकडे दाखवील, त्या कार्यकर्त्याने पुढच्या सभेत समतेवर भाषण करण्यापूर्वी घरची भांडी घासून यावे. सभेला थोडा उशीर होईल. बायका सभेला इतकी वर्षे का उशिरा येत आहेत, ते त्या दिवशी त्याला कळेल.